परवाचा लेप

हैदराबादेतल्या विद्यानगरच्या मकरंदरावांना जन्मात कधी दोन गोष्टी एकसारख्या करता आल्या नाहीत. मिशीची डावी बाजू उजवीपेक्षा वर राही, आणि बायको वृषाली त्यांना कांदा चिरू देत नसे. अशा माणसाला पोटापाण्यासाठी मिळालं ते एका मापाचे थेंब पाडायचं काम. नव्या माणसाला ते स्वतःची ओळख याच गमतीने करून देत.

कंपनी औषधाचे बारीक कण बनवायची. तळहाताएवढ्या काचेत केसासारख्या पाचशे वाटा. एकीकडून औषधाचं पाणी, दुसरीकडून तेल, आणि सेकंदाला हजारो थेंब, सगळे सारखे. फक्त वाटांना पाणी चिकटू नये म्हणून आतून लेप द्यावा लागे, आणि तो आठवड्याभराच्या वापरात झिजे.

अशा काचांच्या नव्या मोठ्या यंत्राची चाचणी गिऱ्हाइकांसमोर नीट झाली, तर मकरंदराव त्याचे प्रमुख होणार होते आणि निवृत्ती दोन वर्षं पुढे जाणार होती. त्यांना ते मनापासून हवं होतं.

बुधवारी, चाचणीआधी, पुण्याहून नुकत्याच कामावर आलेल्या मृण्मयीने विचारलं, "सर, लेप कधी दिलात?"

"परवाच दिलो की."

तिने यंत्राच्या नोंदवहीत सोमवारची तारीख घालून सही केली.

यंत्र सुरू झालं. पडद्यावर काही थेंब मोहरीएवढे दिसले, काही वाटाण्याएवढे, काही एकमेकांच्या गळ्यात गळा घालून. गिऱ्हाइकं चहाला गेली. साहेब अभिजीत यांनी वही उघडली. "सोमवारचा लेप बुधवारी उडाला? मृण्मयी, सही तुझी आहे."

"सर, परवा म्हणजे सोमवारच ना?" तिने मकरंदरावांकडे पाहिलं.

चार पिढ्या हैदराबादेत काढलेल्या त्यांच्या घरात परवा म्हणजे दक्खनी उर्दूतला परसों. काल सोडून मागचं सगळं त्यात बसे. त्यांचं लग्नसुद्धा परवाच झालं होतं. लेप नवरात्रातल्या बतुकम्माच्या सणाआधीचा होता आणि आता दिवाळी तोंडावर आली होती. गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. ते घटकाभर गप्प बसलेही, आणि त्याची त्यांना अजून लाज वाटते.

"चूक माझी," ते म्हणाले. "लेप महिन्याभरापूर्वीचा आहे. हिने बरोबर लिहिलं, मीच नीट सांगितलो नाही."

अभिजीतनी कपाळाला हात लावला. "मग यंत्र कोणाच्या हाती देऊ?"

"हिच्या द्या. हिने निदान विचारलं तरी."

मार्चमध्ये मकरंदराव निवृत्त होतील. त्यांना ते मुळीच आवडलेलं नाही.