चांदी रोज जिथं थांबायची

भूत, चकवा, झाडावरची बाई... यातलं मी काही मानत नाही. अंधारात एकटा जात नाही, ते विंचवाच्या भीतीनं. पण गेल्या उन्हाळ्यात सकाळच्या लख्ख उजेडात जे झालं, ते कुणी तरी मला समजावून सांगा.

आमचं गाव केशोरीच्या अलीकडे. गोंड राजांच्या काळात इथं मोठी पेठ होती म्हणतात. माझी पुतणी शालू नागपूरला पुरातत्त्व शिकते. जुनी वस्ती टेकाडावर होती हे ठाऊक होतं. पण माणसं वाढल्यावर ती खाली कुठवर पसरली — म्हणजे त्या काळचं लेआऊट म्हणा — ते तिला शोधायचं होतं. माझ्या धानाच्या बांदीत, म्हणजे भाताच्या खाचरात, खोदायची परवानगी मिळाली. कुठं खोदायचं, ते मी छाती ठोकून दाखवलं. निघाली फक्त पिवळी माती. परवानगीचा शेवटचा दिवस उजाडला. रिकाम्या हातानं परत गेली, तर पोरीला प्रबंधाचा विषयच सोडावा लागणार होता.

त्याच सुमारास मी छत्तीसगडच्या बाजारातून चांदी नावाची गाय आणली होती. पन्नाशीत मला दुधाच्या धंद्याची हौस आली. गाईला मात्र दूध द्यायची हौस नव्हती. रोज सकाळी दावं सोडवून ती थेट बांदीच्या कोपऱ्यात जाई आणि उगवतीकडे तोंड करून उभी राही. ना गवत, ना पाणी... गुराखी येईपर्यंत आखरावर ढोरं जमून थांबतात ना, तशी. आणि आमचं आखर तर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

त्या शेवटच्या दिवशीही ती तिथंच. मी ओढतोय, ती हलत नाही. बायको बांधावरून म्हणाली, “अजी, तिले कायले ओढून राहिले? तिच्या पायाखालीच खंदा न. तुमच्या अकलेनं तर मातीच निघून राहिली.”

शालू हसली. “काका, रागावू नका, पण मी काकूचं ऐकते.”

दुपारी चांदीच्या जागेवरच्या खड्ड्यात शालू एकदम खाली वाकली. खाली काळपट, तुडवलेला थर, त्यात गुरांच्या खुरांचे ठसे, माती झालेलं शेण. आणि त्याच्यावर — चोपलेली जमीन, एक चूल, घराच्या खांबांचे खळगे.

“काका, हे आखर होतं. गावाच्या कडेचं. गाव वाढलं, तशी लोकांनी त्यावर घरं बांधली.”

“म्हणजे तेव्हाही आखर गिळून प्लॉट पाडत?”

“हो. आणि आखर आणखी पुढं सरकलं असणार.”

संध्याकाळी तिचे सर आले, खड्ड्यात उतरले, ते वर यायलाच तयार नाहीत. परवानगी वाढली. बायकोनं सगळ्यांसाठी वडे तळले. पहिला चांदीला, मला शेवटचा.

जमिनीत खार असेल, गाय चाटायला जात असेल, असं एक जण म्हणाला. पण चांदीनं तिथं कधी तोंडच खाली घातलं नाही. परक्या मुलखातली गाय, शेकडो वर्षांपूर्वी बुजलेलं आखर... मी खूप जुळवून पाहिलं. जुळत नाही.

काम संपून खड्डा बुजवला, त्या दिवसापासून ती तिथं थांबत नाही. आता तशीच उगवतीकडे पुढं जाते आणि सरपंचांच्या नव्या बंगल्याच्या अंगणात उभी राहते. परवा सरपंच घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग हळूच म्हणाले, “भाऊ, गाय बांधून ठेवत जा न. अंगनात आत्ताच टाइल्स लावल्या.”

मी रोज दुहेरी गाठ मारतो. सकाळी दावं सुटलेलंच. बायको म्हणते, मी नाही सोडलं. सुटीत आलेली शालू म्हणते, मी नाही. मला तर काही सुचत नाही... आणि सरपंच टाइल्स काढायला तयार नाहीत.