तिच्या गोष्टीतल्या बाईची नथ

त्या सकाळी आम्ही दोघं शेवग्याचा पाला निवडत बसलो होतो. पाला मी ओरबाडायचा, तिनं तपासायचा, आणि काडी सापडली की "अहो, चष्मा कुठाय तुमचा?" म्हणायचं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. महाराष्ट्रातल्या कुणा मुलीनं तिच्या गोष्टीतल्या बाईचं चित्र काढून पाठवलं होतं.

बायको गोष्टी लिहायची, आमच्या तंजावरी मराठीत. गोष्टीतली ही बाई आमच्या इथल्या वेस्ट मांबलमची, आमच्यातलीच. ब्लाउज शिवते आणि बसमध्ये कंडक्टरशी भांडते. मुलीनं तिला ही एवढी नथ घातलेली, कपाळावर चंद्रकोर. आमच्या बायका दोन्ही नाकपुड्यांत खडे घालतात. नथ कुठली?

"ही कोण? नाटकातली?" मी म्हणालो.

ती पोट धरून हसली. "माझी बाई त्या पोरीच्या घरी राहायला गेली, तिथलं लेणं घातलं. जाऊ दे की! हात बघा कसा उगारलाय. हात माझ्या बाईचाच."

दुपारी जेवून झोपली ती उठलीच नाही.

तेराव्याला पानं उचलल्यावर मेहुणा शेजारी येऊन बसला.

"भावोजी, त्या मुलीनं लावलेलं अक्काच्या बाईचं चित्र फोनवर फिरतंय. नथ बघून आपल्या लोकांना राग आलाय. मी त्या मुलीला कळवलं, घरच्यांना चालत नाही म्हणून. तिनं काढून टाकलं. माफीही मागितली."

"घरचे म्हणजे कोण?"

"म्हणजे... आपणच."

"मला विचारलंस?"

"तुम्हाला त्यातलं काय कळतं? अक्काचं एक पुस्तक तरी वाचलंत का?"

नाही वाचलं. पाचवीत शाळा सुटली, मग आवडी गावातल्या फॅक्टरीत लेथवर जन्म गेला. ती वाचून दाखवायची, मी ऐकायचो, मधेच घोरायचोही. पण त्या चित्राला हसताना तिला मी पाहिलं. त्यानं नाही. तेच चारचौघांत सांगितलं. "तुझ्या बहिणीनं हसून घेतलं ते पुसणारा तू कोण रे? गोष्ट तू लिहिलीस?"

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय," म्हणत तो उठला. फिरू दे.

नथ मलाही आवडली नव्हती. अजून नाही. पण ती बाई माझी नव्हे. जिची, तिनं हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापी करून प्यायलो आणि तिचा फोन घेतला. लिहिणं मला जमत नाही, म्हणून बोलायचं बटण दाबून धरलं.

"बाळ, मी तिचा नवरा बोलतो. ती गेली. तुझं चित्र बघून खूप हसली होती. माफी कसली मागतेस? परत लाव. नथीसकट लाव. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग."

आणि पाठवलं.