दोन दातांमधली फट

सुमेधा गेली एकवीस वर्षं दात बनवते. नौपाड्यातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिची एका खोलीची लॅब आहे. दवाखान्यांतून हिरड्यांची मापं येतात, ती त्यावरून कवळ्या करते आणि कुरियरवाला त्या घेऊन जातो. ते दात घालून हसणारी, जेवणारी माणसं तिने कधी पाहिलेली नाहीत. तिची ओळख फक्त हिरड्यांशी.

त्या शनिवार-रविवारी लॅब बंद राहणार होती. बहीण मैथिली नाशिकहून डोंबिवलीला तिच्याकडे आलेली. दोन दिवस दोघींनी काही म्हणजे काही करायचं नाही, असं ठरलेलं. शनिवारी सकाळीच डॉक्टर गुरुदत्तांचा फोन आला.

"सुमेधा, तुम्हाला अडचणीत टाकतोय. कोपरीच्या बिट्रिसबाई आहेत, बहात्तर वर्षांच्या. कवळी धुताना हातातून निसटली. तीन तुकडे झाले, एक मोरीतून वाहून गेला. नातीचं लग्न आहे सोमवारी. त्यांच्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका गात-वाजवत विहिरीचं पाणी आणायला जातात. गाणी या बाई सांगतात, बाकीच्या मागून म्हणतात. आणि आता त्यांचा एक शब्द कळत नाहीये."

"चार दिवसांचं काम आहे, डॉक्टर."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

सुमेधाने मैथिलीकडे पाहिलं. मैथिली चादरीतूनच म्हणाली, "जा गं. तुझ्या वाटचं पण मीच झोपते."

दुपारी मापं आली तेव्हा सगळी इमारत रिकामी होती. एरवी दिवसभर जिन्यावर पावलं, खाली हॉर्न, टेबलावर फोन. आज शेजारच्या बंद ऑफिसातलं घड्याळसुद्धा ऐकू येत होतं. सुमेधाने प्लास्टर कालवलं, मापांत ओतलं. प्लास्टर घट्ट होताना आतून तापतं. इतक्या वर्षांत तिने ते कधी नीट अनुभवलं नव्हतं. ओतायचं आणि पुढचं काम घ्यायचं. आज पुढचं काम नव्हतं. तिने तो गोळा दोन्ही तळहातांत धरला. झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी ऊब हळूहळू वाढत गेली, थोडा वेळ टिकली आणि निवली.

मग ती चक्क गार फरशीवर आडवी झाली. खिडकीतलं ऊन टेबलावरच्या पाण्याच्या वाडग्यात पडलं होतं आणि त्याची कवडशांची जाळी छतावर हलत होती. आपण तळ्याच्या बुडाशी पडलोय आणि वरून कुणी तरी संथ होडी नेतंय, असं तिला वाटलं. डोळा कधी लागला ते कळलं नाही. दहाच मिनिटं असतील, पण उठली तेव्हा अंग एकदम हलकं होतं.

मापांबरोबर डॉक्टरांनी फुटक्या कवळीचे उरलेले दोन तुकडे आणि बिट्रिसबाईंचा तरुणपणीचा एक फोटो पाठवला होता. दातांच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून. लुगडं, केसांत फुलं आणि मान मागे टाकून केलेलं मोठ्ठं हसू. समोरच्या दोन दातांमध्ये चांगली तांदळाच्या दाण्याएवढी फट. फुटलेल्या कवळीत ती नव्हती. तिथे सगळे दात शाळेतल्या रांगेसारखे सरळ होते.

गुलाबी मेण वितळवून सुमेधा एकेक दात लावत गेली. गरम मेणाचा गोडसर वास खोलीभर पसरला. समोरचे दोन दात लावताना तिचा हात थांबला. फट ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या फोटोतल्या बाईला सोडून दुसऱ्या कुणाचे दात करावेत, असं तिला वाटेना. मेण आहे तोवर बदलता येतं, असं म्हणून तिने फट ठेवली. संध्याकाळ होईपर्यंत ती त्या हसण्याच्या सोबतीत होती. घरी जावंसंच वाटत नव्हतं.

रविवारी कुरियर नसतं, म्हणून सकाळी ती स्वतःच मेणाची कवळी घेऊन दवाखान्यात गेली. बिट्रिसबाई खुर्चीत बसल्या होत्या, गालफडं बसलेली, हातात रुमाल. डॉक्टरांनी कवळी बसवली, आरसा दिला.

बाईंनी आरशात बघत जिभेचं टोक त्या फटीवरून फिरवलं. सुमेधा घाईने म्हणाली, "ती फट नको असेल तर लगेच बुजवते."

"हात लावू नको, बाय." बाईंनी आरसा छातीशी धरला. "बारा वर्षं मी दुसऱ्याच कुणाचं तोंड घेऊन फिरते. पोरांना कसं सांगू, की हसताना मला लाज वाटते म्हणून? ही बघ, ही मी."

मग त्यांनी हलकेच एक ओळ म्हणून पाहिली. "स" आला तिथे बारीकशी शीळ वाजली. डॉक्टर हसले, बाईही हसल्या.

मेणाच्या जागी पक्की कवळी व्हायला दुपार गेली. चारला ती बाईंच्या तोंडात बसली, आणि बाईंनी सुमेधाचं मनगटच धरलं. "आता घरी कुठं? चल माझ्यासंगती."

स्टेशनचा पूल ओलांडून दोघी कोपरीला आल्या. घरापुढे मांडव, मातीच्या घुमट वाद्यावर थाप देणारा एक म्हातारा, लुगडी नेसलेल्या बायका. नात निकोल धावत येऊन आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. "आजी, तू वेगळी दिसतेस."

"वेगळी नाय. पयल्यासारखी," बिट्रिसबाई म्हणाल्या आणि गायला लागल्या.

विहिरीकडे निघालेल्या त्या बायकांच्या घोळक्यात सुमेधाही चालू लागली. सुरुवातीला तिचं लक्ष कवळीवरच होतं: हलत नाही ना, टोचत नाही ना. मग उन्हं कलली, घागरी बुडल्या, आवाज चढत गेला आणि दात पाहायचं ती विसरूनच गेली. तिला शब्द येत नव्हते. तरी तिसऱ्या कडव्यापासून ती बाकीच्यांच्या मागून म्हणायला लागली.