सहा माद्या, दोन नर

फोन आला तेव्हा मी घाटकोपरला, शोभेच्या माशांच्या दुकानात उभी होते. दुकानदार जाळीने तिसरी मादी पकडत होता. माझ्या धाकट्या भावाचं, मिलिंदचं ऑपरेशन चार तास चालणार होतं. नवऱ्याला हॉस्पिटलात बसवून मी हे एकच काम उरकायला आले होते. "ये लगेच," एवढंच नवरा म्हणाला. त्याच्या आवाजावरून कळलं. दुकानदाराला म्हटलं, "राहू द्या," आणि रिक्षा पकडली.

मिलिंद कांजूरमार्गला एकटा राहायचा आणि गप्पी मासे पाळायचा. लहानपणी डासांसाठी आमच्या चाळीतल्या पिंपात सोडलेले चार गप्पी त्याने लोणच्याच्या बरणीत घातले, तेव्हापासूनचं वेड. पुढे निवडून निवडून त्याने काळ्या शेपटीचे नर तयार केले. हिशेब पक्का: मोठ्या टाकीत सहा माद्या, दोन नर. बाकीचे सात नर खिडकीतल्या छोट्या टाकीत. "नर वाढले की माद्यांना खाऊ देत नाहीत, थांबू देत नाहीत. दिवसभर मागे मागे," तो सांगायचा. "मग आमच्या बसमध्ये वेगळं काय असतं रे?" मी विचारायचे. "म्हणूनच छोटी टाकी ठेवलीय, ताई."

तो आजारी पडला आणि घराची किल्ली माझ्याकडे आली. मी याद्या करणारी बाई. वाणसामानापासून औषधांपर्यंत सगळं वहीत. रोज पाच वाजता भेटायला गेले की तो आधी माशांचं विचारायचा. मी वही उघडून वाचून दाखवायचे: खाणं, पाणी, माद्या किती, नर किती. दुसऱ्या आठवड्यात ऑफिस, मुलुंडचं घर, हॉस्पिटल आणि दोन टाक्या हे जमेना. एका सकाळी मी छोटी टाकी रिकामी करून सातही नर मोठीत सोडले. जागा भरपूर होती. वहीत लिहिलं, 'एकच टाकी. वीस मिनिटं वाचली.' मिलिंदला मात्र सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गेले तर तीन माद्या तळाशी पडलेल्या. उरलेल्या तिघी फिल्टरमागे अंग चोरून होत्या, एकीची शेपटी फाटलेली, आणि नर तिथेही घुसत होते. छोट्या टाकीत पुन्हा पाणी भरून मी त्या तिघींना तिथे हलवलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन... आणि आज पाच वाजता तो विचारणार होता.

त्याने विचारलंच. "किती आहेत?"

"सहा माद्या, दोन नर."

"सहाच्या सहा?"

"हो रे. तू पड ना गप्प."

त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "वही नाही आणलीस आज?"

"पर्समध्ये आहे."

"बरं." मग छताकडे बघत म्हणाला, "एखादी मादी दमली तर एकटी ठेव तिला. नराची गरज नसते लगेच. एकदा संग झाला की पुढे कितीतरी महिने पिल्लं देते." मला वाटलं, नेहमीसारखं मासेपुराण. भेटीची वेळ संपली होती. रात्रभर मी एकच विचार करत होते, उद्या तीन माद्या आणायच्या. माद्या सगळ्या राखाडीच. तो घरी येईपर्यंत सहा भरतील, त्याला कळणार नाही.

तो घरी आला नाही. त्याला सगळं ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, हे माझ्या लक्षात यायला मात्र गेल्या सोमवारपर्यंत वेळ लागला. त्या दिवशी छोट्या टाकीत, पाणवनस्पतीच्या मुळांशी काहीतरी हललं. डोळे आणि शेपटी, बस. त्या तिघींतली एक व्याली होती, फाटक्या शेपटीची. दीड महिना त्या टाकीत एकही नर नव्हता. त्याचं ते बोलणं मासेपुराण नव्हतंच.

पिल्लं मोजता येत नाहीत, जागा बदलत राहतात. तीनदा मोजली, सतरा. त्यांना खाऊ नये म्हणून आईला आणि उरलेल्या दोघींना बाजूला केलं. तीनेक आठवड्यांत नर ओळखू येतील, तेव्हा तेही वेगळे काढायचे, हे वहीत लिहिलं. लिहिताना मागची पानं चाळली. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची ओळ कोरी होती. खोटं बोलले होते, पण लिहायला हात धजला नव्हता. घड्याळात पाच वाजत होते. पेन काढलं आणि त्या ओळीत लिहिलं: माद्या तीन.