बंबातली राख

पार्ल्यात आमच्या फाटकावरून रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ छत्री टेकत जायचे. नाव कधी विचारलं नाही. बंब पेटवण्यात माझा हात धरणारा घरात कोणी नव्हता. इतका काळा हात धरणार कोण? बहिणीच्या दिवाळसणाला नवे जावईबापू तेल लावून ताटकळले होते आणि मागल्या दारी बंबातून नुसता धूर निघत होता.

"अहो, आग लागली! बंब बोलवा!" गृहस्थ ओरडत आत आले.

"हा बंबच आहे," मी खोकत म्हणालो.

त्यांनी छत्रीचं टोक जाळीत खुपसलं. ढीगभर राख कोसळली.

"पूर्वजांची म्हणून जपलीत का?"

जाळ धडधडला, पाणी तापलं, माझी अब्रू वाचली.

दुसऱ्या दिवशी राख काढूनच मी ऐटीत बंब पेटवला. गृहस्थ फाटकाशी थांबले. धूर कुठेच दिसेना.

"आज आंघोळीला सुट्टी वाटतं?"