इंजिन उस्मानभाईंचं, मोटर माझी

रोज एकाच बाकड्यावर बसून चहा प्यायला, की किस्से आपोआप साठत जातात. शिळफाट्याला उस्मानभाईंचं गॅरेज आणि माझं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळायचं दुकान, मध्ये फक्त एक पत्रा! त्यामुळे आमच्याकडे किस्से भरपूर. हे सगळे एकाच गाडीचे.

सत्तरच्या दशकातले, पेट्रोलच्या टंचाईचे दिवस. उस्मानभाईंकडे एक जुनी मोटारगाडी मालकानं सोडून दिलेली. माझ्याकडे भंगारातून आणलेली, बॅटरीवर चालणारी एक डीसी मोटर. एका सकाळी मी म्हणालो, "भाई, तुमच्या इंजिनाला माझी मोटर जोडू. चढाला दोघं मिळून ओढतील, सपाटीला एकटी मोटर ओढेल. पेट्रोल वाचेल!"

भाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "दत्तू, गाडीला दोन बैल समजू शकतो. पण एक पेट्रोल पिनार आनि दुसरा वीज? भांडतील रं ते!"

*

भांडलेच!

इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जो लांब शाफ्ट जातो, त्याच्यावर मी एक पुली बसवली आणि पट्ट्यानं माझी मोटर जोडली. मागची सीट काढून तिथं ट्रकच्या चार बॅटऱ्या ठेवल्या. भाईंनी क्लच सोडला, मी स्विच दाबला. पट्ट्यातून धूर निघाला, गाडी कुंथत हातभर सरकली आणि इंजिन गप्प!

"तुजी मोटर मागं वढतीय रं!"

मी बॅटरीच्या दोन्ही वायरींची अदलाबदल केली. मोटर पुन्हा मागंच ओढायला लागली. दुपार तिथंच गेली. मग डोक्यात उजेड पडला. दोन्ही वायरी बदलल्या की मोटरच्या आतल्या तारेच्या दोन्ही गुंडाळ्या उलटतात, म्हणजे फिरणं तेच! एकाच गुंडाळीची टोकं बदलायला हवी होती. दहा वर्षं मोटरी वाइंड करणारा मी!

भाई शांतपणे म्हणाले, "आता कुनाला शिकवू नको हां हे!"

*

गाडी चालायला लागल्यावर एक भातगिरणीवाले बघायला आले. पुढं बघितलं, खाली वाकून बघितलं, खूश झाले. मग मागचं दार उघडलं. आत चार बॅटऱ्या.

"पण माणसं कुठं बसायची?"

भाई म्हणाले, "शेठ, आदी गाडी चालू द्या. माणसं मंग बगू!"

*

आरटीओत कागदपत्रांसाठी गेलो तेव्हाची गंमत. कारकुनानं फॉर्म पुढं ओढला. "इंधन?"

"पेट्रोल," भाई म्हणाले.

"वीज," मी म्हणालो.

"एक काय ते सांगा. फॉर्मवर जागा एकच आहे."

भाईंनी टोपी सारखी केली. "सायेब, चढाला दोनी, सपाटीला वीज, बॅटरी संपली की पेट्रोल. उताराला कायच नाय."

कारकुनानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग लिहिलं, 'चौकशी करावी.'

*

उताराला काहीच नाही, हे खोटंच निघालं. खोपोलीहून घाट चढलो, इंजिन आणि मोटर दोघं खांद्याला खांदा लावून! उतरताना मी मोटरचा स्विच चालूच ठेवला. भाई एकदम ओरडले, "ब्रेक दाबला नाय, तरी गाडी धरून कोन ठेवतंय?"

"मोटर! आता चाकं तिला फिरवतायत, आणि ती बॅटरी भरतेय. काटा बघा."

अ‍ॅमीटरचा काटा उलट्या बाजूला गेलेला. भाईंनी गाडी कडेला घेतली, उतरले, दरीकडे बघत उभे राहिले.

"तीस वर्सं घाटात ब्रेक तापवले मी. म्हंजे तीस वर्सं वीजच जाळली की रं!"

*

आणि हा कळंबचा.

कापणीचे दिवस. गाडी घेऊन आम्ही कर्जतला गेलो होतो. दुपारी दवाखान्यासमोर डॉक्टर हातात पेटी घेऊन उभे. कळंबच्या शेतात एका माणसाला साप चावलेला, इंजेक्शन पोचवायचं होतं आणि त्यांची जीप बंद. भाई म्हणाले, "बसा!" डॉक्टर पुढं बसले. मी मागं, बॅटऱ्यांवर!

गाव दोन-तीन मैलांवर आलं आणि इंजिन आचके देत थांबलं. पेट्रोलच्या नळीत कचरा. डॉक्टरांचा चेहरा उतरला. भाईंनी गिअर न्यूट्रल केला आणि मागं न बघता म्हणाले, "दत्तू, आता तुजं बग."

मी स्विच दाबला. गाडी निघाली. आवाज नाही, धूर नाही. मी बॅटरीच्या काट्याकडे बघत होतो, तो खाली खाली येत होता. शेवटच्या वळणावर गाडी माणसाच्या चालीनं चालत होती, पण पोचली.

त्या माणसाची बायको, हौसाबाई, रस्त्याच्या कडेला डोक्याला हात लावून बसली होती. गाडी अगदी शेजारी आली तेव्हा दचकून उठली. "आवाज नाय आला, म्हनलं गाडी आलीच नाय!"

माणूस वाचला.

महिन्याभरानं हौसाबाई गॅरेजात आली. हातात हळदी-कुंकवाचं ताट. "कुटल्या यंत्रानं आनलं औशद? त्याला कुंकू लावते."

भाई म्हणाले, "दत्तूच्या मोटरनं."

मी म्हणालो, "निम्म्याहून जास्त वाट भाईंच्या इंजिनानं."

तिनं दोघांकडे बघितलं. गाडीकडे बघितलंच नाही. आधी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, मग भाईंकडे वळली.

उस्मानभाईंनी टोपी काढली. "थांब गं बाई, कपाळाला ग्रीस हाय. पुसू दे."