दीड किलोचा लॅपटॉप

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली आहे. हे मी नाही, आमचा अमरावतीचा शिंपी म्हणतो, आणि मापाच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही. ते खातं माझ्याकडे आहे. लग्नांचे व्हिडिओ जोडणं हा माझा धंदा. घर अमरावतीला, मालकाचा स्टुडिओ अकोल्याला, रेल्वेने रोजचं अपडाऊन, आणि खांद्याला गेमिंगचा थोराड लॅपटॉप. गेम मी जन्मात खेळलो नाही. पण हळदीतला चार तासांचा नाच साध्या लॅपटॉपवर टाकला, तर नवरीला दोन पोरं होईपर्यंत व्हिडिओ निघत नाही. नुसता चार्जरच एवढा, की बडनेऱ्याला एका बाईने त्यावर उभं राहून वरच्या फळीवरची पिशवी काढली होती.

या मे महिन्यात तो खांदा वर जाईना. शर्ट बायको चढवून देऊ लागली. मग तिलाच घेऊन लॅपटॉपच्या दुकानात गेलो. तिथे तो होता. वहीएवढा, दीड किलोचा, ताकद माझ्या धुडाएवढीच. किंमत मात्र जवळजवळ दुप्पट.

"लहान घेतलं तं स्वस्त भेटाले पायजे ना?" बायको म्हणाली.

"वहिनी, लहान केल्याचेच तं पैसे हायेत," दुकानदार म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला. मी खिशातून पेनड्राइव्ह काढून त्या लॅपटॉपला लावला. तेल्हाऱ्याच्या एका लग्नाची अख्खी वरात होती त्यात.

"भाई, एसी बंद कर."

"कावून?"

"माह्या घरी एसी नाही, गाडीतबी नाही. ज्या हवेत याले राहाचं हाय, त्याच हवेत पाहू दे."

एसी बंद झाला. पाच मिनिटांत दुकानाची भट्टी झाली. माऊस घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक माऊस विसरून पळालं. लॅपटॉपचा पंखा हंबरडा फोडू लागला, कीबोर्डवर पापड भाजून निघाला असता. पण पठ्ठ्याने वरात काढली! जरा उशिरा, पण घोड्यासकट.

मी खूश. "आता गाडीतच काम उरकतो. मांडीवर ठेवाचा, अकोला येईपर्यंत एक वरात खलास."

"आता काय करता तुमी गाडीत?" बायकोने विचारलं.

"काय करणार? झोपतो."

"जातानीबी? येतानीबी?"

"दोन्ही टाइम."

"मंग दुप्पट पैसे देऊन झोप घालवाची काय?"

दुकानदाराने गुपचूप एसी लावला. मी त्या देखण्या यंत्राकडे पाहत राहिलो. घरी असो की स्टुडिओत, 'भाऊ, तेवढं एक गाणं बदलून द्या' म्हणणारा कोणीतरी मला गाठतोच. गाडीत मात्र मी छातीठोक सांगायचो, की लॅपटॉप उघडायला जागा नाही. दीड किलोवाल्याला ही सबब चालली नसती.

नाही घेतला. दुसऱ्या दिवशी ते धूड स्टुडिओतच ठेवलं आणि मालकाला सांगितलं, "आता हा इथंच राहीन."

"अन् घरी काम कसं करसान?"

"नाही करणार."

हे मी एवढ्या मोठ्याने म्हणालो, की स्टुडिओच्या काचा थरथरल्या. मालकाला विचाराल, तर तो सांगेल की मी पुटपुटलो. खांदा अजून दुखतो, पण शर्ट आता माझा मीच घालतो.

त्यानंतरच्या सकाळी पहिल्यांदाच मोकळ्या हाताने गाडीत बसलो. मांडीवर सांभाळायला काही नव्हतं. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर शेगाव होतं. अकोला केव्हाच मागे पडलं होतं. तेवढ्यात मालकाचा फोन.

"कुठी हा तुमी?"

"मूर्तिजापूर," मी अकोल्याच्या अलीकडचं स्टेशन सांगितलं. "गाडी उभी करून ठेवली हो यायनं."

आणि शेगावला उतरून परतीची गाडी येईपर्यंत फलाटावरच्या बाकावर पुन्हा आडवा झालो.